मनावरचा ताण आणि अंगावरची दुखणी



कपाशीला पाण्याचा ताण बसला की पातेगळ होते, हे आपणास चांगले ठाऊक आहे. पातेगळ दिसली की काही शेतकरी लगेच कीटकनाशकाची फवारणी करतात. परंतु कीड नसताना केलेल्या फवारणीने पातेगळ थांबत नाही, खर्च मात्र वाढतो. तेथे जमिनीतील ओल, खत आणि हवामान यांचा विचार करावा लागतो. माणसाच्या शरीराचेही काही वेळा असेच होते. दुखणे अंगावर दिसते, पण त्याचे कारण त्या अवयवात सापडत नाही. अशा दुखण्यांची माहिती शेतकरी कुटुंबास असावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

बीड जिल्हा अवर्षणप्रवण आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील हलक्या जमिनी, बेभरवशाचा पाऊस आणि कोरडवाहू शेती यांमुळे येथील शेतकऱ्याला दरवर्षी नवा डाव मांडावा लागतो. १९७२ चा दुष्काळ जुनी माणसे विसरलेली नाहीत. त्यानंतर २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांतही जिल्ह्याने टंचाई सोसली. दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडणीसाठी जातात. कर्ज, पीकपाण्याची काळजी, मुलीचे लग्न, जमिनीचे वाद, घरापासून दूर काढलेले महिने या सर्वांचा भार मनावर पडतो. हा भार प्रत्येकजण बोलून दाखवीत नाही. पुष्कळदा तो डोके, छाती, पोट, कंबर किंवा हातापायांच्या तक्रारीतून बाहेर पडतो.

ताण शरीरात कसा उतरतो?

आपले मन आणि शरीर ही दोन वेगळी खाती नाहीत. मेंदू, मज्जातंतू आणि रक्तातील संप्रेरके यांनी ती एकमेकांस जोडलेली आहेत. धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडावरील ग्रंथींना इशारा देतो. त्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात येते. हृदय जोराने चालते, श्वास वाढतो, स्नायू आवळले जातात, तोंड कोरडे पडते, पचन मंदावते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या क्रियेचे वर्णन 'लढा किंवा पळा' अशा शब्दांत केले. अचानक समोर साप आला तर हीच तयारी आपला जीव वाचवते.

साप निघून गेला की शरीर पुन्हा शांत होते. परंतु सोसायटीची नोटीस, सावकाराचा तगादा किंवा घरातील भांडण हा काही क्षणांत निघून जाणारा साप नव्हे. तो धोका महिनोन् महिने डोक्यात राहतो. मग शरीराची तयारीही चालूच राहते आणि कॉर्टिसोल हे दुसरे संप्रेरक वारंवार स्रवत राहते. विहिरीवरील मोटर विसाव्याशिवाय रात्रंदिवस चालवली तर तापते, तसाच हा प्रकार आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, त्रास कोणत्याही प्रकारचा असला तरी तो लांबला म्हणजे शरीरात ठराविक बदल घडून येतात. त्याच्याच कामामुळे ताण हा शब्द वैद्यकशास्त्रात रूढ झाला.

नेहमी आढळणारी लक्षणे व त्यांची कारणे

१) मान, खांदे व डोके दुखणे : स्नायू सतत आवळलेले राहिल्याने मान व खांदे भरून येतात आणि डोक्याला पट्टा बांधल्यासारखे वाटते.

२) छातीत धडधड : ॲड्रेनॅलिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात. त्यात 'आता आपले काही खरे नाही' ही भीती मिसळली की धडधड आणखी वाढते.

३) हातापायांना मुंग्या, बोटे वाकडी होणे, चक्कर : घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणापेक्षा कमी होतो. ओठांना व बोटांना मुंग्या येतात, बोटे आखडतात, डोके हलके होते. श्वास संथ झाला की हे थोड्या वेळात ओसरते.

४) घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे : घशाचे स्नायू आवळल्याने असे होते. अशा वेळी जेवताना घास सहसा अडकत नाही. घास खरोखरच अडकत असेल तर मात्र तपासणी आवश्यक आहे.

५) पोटात कळ, गॅस, वारंवार शौचास लागणे : आतड्यांभोवती मज्जातंतूंचे मोठे जाळे आहे व त्याचा मेंदूशी सतत संबंध असतो. त्यामुळे काळजीचा परिणाम पोटावर लवकर दिसतो.

६) झोप न लागणे, पहाटे लवकर जाग येणे, अंगात ताकद नसल्यासारखे वाटणे, भूक मंदावणे.

या तक्रारी असणाऱ्यास 'तुला काही झालेले नाही' असे म्हणणे चुकीचे आहे. त्याला होणारी वेदना खरी असते. ती तो मुद्दाम निर्माण करीत नाही.

दातखीळ, लुळेपणा, वाचा बसणे आणि भानामती

काही वेळा ताणाची लक्षणे फार वेगळी असतात. घरात मोठा प्रसंग घडल्यावर एखाद्या तरुणीची दातखीळ बसते. एखाद्याचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडतो. एखाद्याचा आवाज बसतो, तर एखाद्यास फिटसारखे झटके येतात. तपासणीत मेंदू, नस व स्नायू शाबूत आढळतात. मोटर चांगली आहे, वायरही तुटलेली नाही, परंतु स्टार्टर लागत नाही, असे याचे स्वरूप असते. म्हणजे बिघाड रचनेत नसून कार्यात असतो. अनुभवी डॉक्टर हे केवळ तर्काने ठरवीत नाहीत. त्यासाठी ठराविक खुणा तपासतात. उदाहरणार्थ, झोपलेल्या रुग्णाचा लुळा पाय स्वतःहून खाली दाबला जात नाही, पण चांगला पाय जोर लावून उचलताना तोच लुळा पाय खाली दाब देतो. ही खूण हूव्हर या डॉक्टरांनी १९०८ साली सांगितली व ती आजही वापरली जाते. तो पाय पुन्हा काम करू शकतो हे रुग्णास दाखवून देण्यासही तिचा उपयोग होतो.

मराठवाड्यात याच प्रकारातील काही लक्षणांना 'भानामती' असे नाव दिले गेले. बाया घुमतात, विव्हळतात, कुत्र्यासारख्या भुंकतात. एकीचे पाहून दुसरीलाही तसे होऊ लागते. मग कोणी करणी केली याचा शोध सुरू होतो आणि गावातील एखाद्या गरीब बाईवर किंवा म्हाताऱ्यावर संशय घेतला जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या सुनेला घरात तोंड उघडण्याची मुभा नाही, तिच्या मनातील कोंडमारा शरीर आपल्या परीने बाहेर काढते. त्या अवस्थेत तिचे बोलणे घरातील माणसे ऐकून घेतात, तिला काम सांगत नाहीत. ती हे ठरवून करीत नाही. तिला ढोंगी म्हणणे अन्यायाचे आहे आणि तिला मांत्रिकाच्या हवाली करणे त्याहून अन्यायाचे आहे.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने किंवा दोराने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे या कायद्याने गुन्हे आहेत. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

झटका आलेल्या व्यक्तीच्या तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. तिला कुशीवर वळवावे, भोवतालची गर्दी हटवावी आणि झटका किती वेळ टिकला हे घड्याळात पाहावे. जमल्यास मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. अपस्मार, म्हणजे मिरगी, आहे की ताणाचा झटका आहे हे ओळखण्यास त्याची मोठी मदत होते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

ऊसतोड महिलांचा अनुभव

दुखण्याचे मूळ न शोधता केलेला उपचार किती महाग पडतो, हे आपल्या जिल्ह्याने अनुभवले आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली पुढे आला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशीच्या आतील महिला मोठ्या संख्येने होत्या.

या महिलांच्या तक्रारी बहुधा कंबरदुखी, ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे आणि पाळीचा त्रास अशा होत्या. यामागे केवळ मनाचा ताण होता असे म्हणता येणार नाही. पहाटेपासून मोळ्या वाहणे, फडात शौचालय व स्वच्छ पाणी नसणे, जंतुसंसर्ग, लहान वयातील लग्न व बाळंतपणे ही कारणे खरीच आहेत. परंतु खाडा झाला तर पैसे कापले जातील ही भीती, डोक्यावरील उचल आणि कर्करोग होईल अशी घातलेली धास्ती हेही त्यात होते. शस्त्रक्रियेने यांपैकी काहीच दूर होत नाही. उलट शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्यासाठी आणखी उचल घ्यावी लागते. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले तर अकाली पाळी जाणे, अंगातून वाफा येणे आणि हाडे ठिसूळ होणे हे नवे त्रास मागे लागतात.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास येथे उपयोगी पडेल. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,४९४ महिलांशी बोलणे व तपासण्या करण्यात आल्या. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा चिंता, उदासी व मनावरील भार यांच्याशी अधिक दिसून आला. सतत थकवा असण्याच्या तक्रारीचा संबंध रक्तातील हिमोग्लोबिनशी आढळला नाही. तो गरिबी, मनाची अवस्था आणि घरात सोसावा लागणारा जाच यांच्याशी आढळला. यावरून संसर्गाची किंवा रक्तक्षयाची तपासणी करू नये असा अर्थ काढू नये. तपासणी अवश्य करावी, आणि तीत काही आढळले नाही तर त्या बाईस घरात व कामावर काय सोसावे लागते हेही विचारावे.

गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर घाई करू नये. शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत अवश्य घ्यावे.

आधी शरीराची तपासणी

प्रत्येक दुखण्याला ताण समजून बसणे हेही धोक्याचे आहे. खालील बाबतींत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा.

१) फवारणीनंतरचा त्रास : तोंडाला लाळ सुटणे, खूप घाम, उलटी, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे, दम लागणे ही कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. घबराटीत तोंड बहुधा कोरडे पडते, परंतु तेवढ्यावर विसंबून राहू नये. कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन रुग्णालयात जावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

२) छातीत दाब, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे : हा हृदयविकार असू शकतो. मोठ्या दुःखाच्या धक्क्याने हृदयाचे स्नायू तात्पुरते दुबळे होण्याचा एक विकारही आहे. त्याचे वर्णन प्रथम १९९० साली जपानमध्ये झाले. म्हणून 'टेन्शनमुळे दुखत असेल' असे म्हणून छातीचे दुखणे अंगावर काढू नये.

३) तोंड वाकडे होणे, एक बाजू लुळी पडणे, बोबडी वळणे : ताण असो वा पक्षाघात, हे तपासणीशिवाय ठरविता येत नाही.

४) उन्हात काम करताना शुद्ध हरपणे, अंग तापणे.

५) वजन घटणे, रक्त पडणे, बरेच दिवस ताप, घास अडकणे.

तपासणीत दोष आढळला नाही म्हणजे सर्व संपले असे नाही. तेव्हा एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाऊन त्याच तपासण्या पुन्हा करून घेऊ नयेत. सलाईन किंवा 'ताकदीचे इंजेक्शन' यांचा आग्रह धरू नये. सलाईनमध्ये प्रामुख्याने पाणी व मीठ किंवा साखर असते. त्याने दोन दिवस बरे वाटते, मूळ कारण तसेच राहते.

घरी काय करावे?

१) श्वास संथ करावा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा व सहा आकडे मोजत सोडावा. असे पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा करावे. त्रास नसतानाच सवय केली तर त्रासाच्या वेळी उपयोग होतो.

२) झोपण्याची व उठण्याची वेळ ठरवावी. सायंकाळनंतर चहा व तंबाखू टाळावी. झोपेसाठी दारू घेऊ नये. दारूने झोप तुटक होते आणि उदासी वाढते. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

३) कर्जाचा हिशेब कागदावर मांडावा. बँक, सोसायटी, खाजगी देणे, व्याज आणि मुदत असे रकाने करावेत व ते घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी मिळून पाहावेत. डोक्यात फिरणारा आकडा कागदावर आला की त्याला मर्यादा पडते.

४) भजन, हरिपाठ, वारी, पारावरच्या गप्पा, बचत गटाची बैठक यांत खंड पडू देऊ नये. माणसांत राहणे हाही उपचारच आहे.

५) दुखण्यामुळे सर्व कामे सोडून अंथरूण धरू नये. झेपेल तेवढे काम करीत ते हळूहळू वाढवावे.

कुटुंबातील व्यक्तींनी रुग्णास 'नाटक करतोस' असे म्हणू नये. त्याच वेळी सारे लक्ष केवळ दुखण्यावरही देऊ नये. 'पोट कसे आहे?' याबरोबरच 'मनात काय चालले आहे?' हेही विचारावे. विचारल्यावर लगेच उपदेश करू नये, ऐकून घ्यावे.

मदत कोठे मिळेल?

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. बीड येथील जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथे पुढील तपासणी व उपचार होतात. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. अशा दुखण्यांत लक्षणे समजावून सांगणे, समुपदेशन, व्यायामोपचार आणि गरज असल्यास काही महिने गोळ्या यांनी पुष्कळ रुग्णांस आराम पडतो. लुळा पडलेला हात किंवा पायही योग्य व्यायामोपचाराने सुधारू शकतो. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले.

मराठवाडा व विदर्भातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी शासनाने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात बीडचा समावेश करण्यात आला आणि आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन शेतकऱ्यांची विचारपूस करावी, अशी योजना आखण्यात आली. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो विनामूल्य आहे व रात्रंदिवस चालू असतो. मराठीतून बोलता येते.

एक गोष्ट शेवटी आग्रहाने सांगावीशी वाटते. सतत दुखण्याची तक्रार करणारा माणूस एकाएकी गप्प झाला, 'आता मी कोणाला त्रास देणार नाही' असे बोलू लागला, देणी-घेणी व कागदपत्रे घाईने दुसऱ्याच्या हाती देऊ लागला, तर त्यास एकटे सोडू नये. 'जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का?' असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो हा गैरसमज आहे. उलट विचारणारा भेटला की मन मोकळे होते. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. असा विचार पुष्कळदा थोड्या वेळासाठी तीव्र असतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले तर जीव वाचतो.

चिंता आणि चिता यांत एका टिंबाचे अंतर आहे, असे आपली जुनी माणसे सांगत आली. पिकाला ताण पडला तर आपण जमिनीची ओल पाहतो, आंतरमशागत करतो, जमेल तेवढे संरक्षित पाणी देतो. घरातील माणसाच्या दुखण्याकडेही त्याच नजरेने पाहावे. प्रथम तपासणी करावी, दोष नसेल तर ताणाचे कारण शोधावे, आणि मदत मागण्यास लाजू नये. असे केल्यास निरर्थक खर्च व शस्त्रक्रिया टळतील आणि कुटुंबातील माणूस पुन्हा उभा राहील.